आज कितवा?

अण्णांच्या खिशातल्या डायरीत २००६ च्या जून-जुलैच्या पानांवर नुसते आकडे आहेत. १, २, ३ करत ३३ पर्यंत. शनिवार-रविवार कोरे. प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. ग्रंथी काढल्यावर रक्तातला पीएसए शून्याच्या आसपास राहायला हवा, तो हळूहळू वर सरकू लागला होता. म्हणून 'लाइट'. रेडिएशन हा शब्द घरात कुणी काढत नसे. आत्या 'शेक' म्हणायची, अण्णा 'लाइट'.

चिपळूणहून येऊन ते साडेसहा आठवडे डोंबिवलीला आत्याकडे राहिले. यंत्राखाली जेमतेम दहा मिनिटं, त्यासाठी सकाळची लोकल, भर पाऊस आणि दुपार उलटून गेल्यावर जेवण. ओटीपोटावर जांभळ्या शाईच्या खुणा काढलेल्या. त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून आंघोळ बेतानं. पावसात भिजले की खूण बनियनवर उतरे. पुढे आत्यानं त्या बनियनचं फडकं केलं, तरी डाग काही गेला नाही.

खरी गंमत हॉस्पिटलातल्या बाकावर. मूत्राशय भरलेलं असलं की आतडी किरणांच्या वाटेतून जरा वर सरकतात, म्हणून आधी भरपूर पाणी प्यायचं. आणि मग नंबर लागायचा नाही. पाय आवळून बसलेले पाच-सहा म्हातारे एकमेकांकडे बघून हसायचे. 'नमस्कार' नाही, 'कसे आहात' नाही, नवा आला की पहिला प्रश्न, "आज कितवा?" एक एसटीचे निवृत्त कंडक्टर होते सांगलीचे, दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेले. ते डबल बेल मारल्यासारखं "टिंग टिंग" म्हणत आत जायचे. अण्णांच्या तेहतिसाव्या दिवशी बाकावर पेढे वाटले गेले. कंडक्टरांचं संक्रांतीचं पोस्टकार्ड नंतर बरीच वर्षं चिपळूणला येत होतं.

२०२४ च्या नोव्हेंबरात तीच पाळी दादावर आली. पुण्यात, माझ्या घरी राहून. डॉक्टर म्हणाले, "पंचवीस." मी अण्णांचा हिशोब काढून बसलो होतो, मला वाटलं काहीतरी कमी पडतंय.

कमी पडत नव्हतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशी सावकाश वाढतात आणि रोजच्या मोठ्या मात्रेला जास्त दबतात, हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होतं. भीती होती ती शेजारच्या मूत्राशयाची, गुदाशयाची आणि ऑपरेशनात नव्यानं शिवलेल्या जोडाची. ब्रिटनमधल्या रॅडिकल्स चाचणीत ३३ किंवा २० दिवस अशा दोन्ही पद्धती चालत. अमेरिका-कॅनडात २९६ पुरुषांवर थेट तुलना झाली: निम्म्यांना ३७ दिवसांत ६६.६ ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप), निम्म्यांना २५ दिवसांत ६२.५ ग्रे. त्रास किती, हे त्या पुरुषांनाच विचारलं. छोट्या कोर्सवाल्यांना संपता संपता पोटाचा त्रास जास्त झाला, पण सहा महिन्यांत तो फरक मिटला. दोन वर्षांनी लघवीच्या आणि पोटाच्या तक्रारी दोन्हीकडे सारख्याच. २०२४ मध्येच हे छापून आलं. कॅन्सर किती वर्षं आटोक्यात राहतो याचा पक्का हिशोब मात्र अजून वेळ घेईल, हेही डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

दादा सहकारी बँकेतून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "म्हणजे हप्ता मोठा, मुदत कमी. आणि एकूण भरणाही कमी. चांगलं आहे की."

आता रोज झोपल्या जागी स्कॅन काढून नेम जुळवतात. मोबाइलवर वेळ येते, दादा स्कूटरवर मागे बसून येतो, तासाभरात घरी. पाणी मात्र तेवढंच प्यावं लागतं! बाकावर शेजारी कुणी असलाच तर कानात बोंडं घालून. शेवटच्या दिवशी दादानं पेढ्यांचा पुडा नेला होता. तंत्रज्ञ मुलीनं एक घेतला, "काका, गोड कमी खा" म्हणाली आणि पुढचं नाव पुकारलं. उरलेले आम्ही घरी आणून संपवले.

मला तो बाक आठवतो म्हणून दादाला कुणी आणखी आठ दिवस आडवं करावं असं मी म्हणणार नाही. त्या बाकापायी अण्णांची भातलावणी हुकली होती, हे स्मरणरंजनात सोयीनं विसरायला होतं.

पाचव्या आठवड्यात दादाला दिवसातून सहा-सहादा संडासला जावं लागलं. ताक-भातावर दिवस काढले. फणस बंद, डाळी बंद. मे महिन्यात चिपळूणहून त्याचा फोन आला. आवाज दबका, वहिनी जवळपास असावी.

"बरका फोडला आज."

"किती खाल्लेस?"

"बावीस गरे," तो म्हणाला. "अजून तरी काही नाही."