जळगांवहून अजिंठा : एका दिवसाची सहल कशी निवडावी

उंच कड्याशीं उभें राहून खालची खोल दरी किंवा पाणी न्याहाळण्याची हौस बहुतेकांस असते. ज्यांचीं घरें समुद्राजवळ आहेत ते हरिहरेश्वरास किंवा रत्नागिरीच्या किल्ल्यावर जाऊन ही हौस एका दिवसांत भागवितात. खानदेशास समुद्र नाहीं. जळगांव-धुळ्याकडील कुटुंबानें समुद्राचा कडा पाहावयाचा म्हटला तर जाण्यायेण्यांतच दोन दिवस मोडतात. परंतु तेवढ्यावरून या तापीकांठच्या मुलखास निसर्गानें उपेक्षिलें असें मात्र कोणीं समजूं नये. जळगांवापासून सुमारें साठ किलोमीटरांवर वाघूर नदीनें काळ्या पाषाणांत घोड्याच्या नालासारखा एक कडा कोरून काढला आहे. त्याची उंची सुमारें ७६ मीटर. कोणत्याही सागरतीरावर मिळणार नाहीं अशी एक गोष्ट त्याच्या पोटांत आहे, ती म्हणजे अजिंठ्याचीं तीस लेणीं.

काखेंत कळसा आणि गांवाला वळसा ही म्हण आम्हां खानदेशवासीयांस या बाबतींत चांगलीच लागू पडते. जळगांव शहरास पिण्याचें पाणी वाघूरच्या धरणांतून येतें. ज्या प्रवाहानें हा कडा घडविला त्याचेंच पाणी रोज सकाळीं आमच्या घागरींत पडतें. पण कडा पाहिलेलीं माणसें घरटीं मोजावयास गेल्यास संख्या फार भरावयाची नाहीं. परदेशांतील प्रवासी हजारों कोस ओलांडून जळगांवच्या स्टेशनावर उतरतो, आणि आम्ही त्याला वाट दाखवून आपल्या कामाला लागतों!

पूर्वीं या प्रवासांत निवडीचा प्रश्न फारसा नव्हता. १९४८ पर्यंत हीं लेणीं निजामाच्या राज्यांत होतीं. ब्रिटिश खानदेशांतून येणारा प्रवासी जळगांवीं आगगाडींतून उतरे, वाहन करून फर्दापूर गांठी आणि तेथें मुक्काम करून लेणीं पाही. आज वाहनें विपुल झालीं आणि त्यांबरोबर निवडीचा घोळही वाढला. ठोकळमानानें तीन मार्ग आपल्यापुढें असतात. पहिला मार्ग एस. टी. चा. नेरी, पहूर, वाकोद या वाटेनें फर्दापूरच्या फाट्यावर उतरावें. तेथून पायथ्यापर्यंतचे सुमारें चार किलोमीटर सर्वांसच तेथील बसनें जावें लागतें. खासगी मोटारी फाट्यावरच ठेवाव्या लागतात. दुसरा मार्ग सामुदायिक सहलीचा. तींत अजिंठा आणि वेरूळ हीं दोन्ही एका दिवसांत दाखविण्याचें अभिवचन असतें. तिसरा मार्ग असा कीं, चार-सहा जणांनीं मिळून एक मोटार ठरवावी आणि लेण्यांशीं गेल्यावर एक जाणता वाटाड्या सोबत घ्यावा.

यांपैकीं कोणता पत्करावा हें ठरवितांना लोक प्रथम पैसे पाहतात, मग गाडी पाहतात, मग जेवण पाहतात. माझ्या मतें या तिहींच्याही आधीं एक प्रश्न विचारला पाहिजे : प्रत्यक्ष कड्याशीं आम्हांला किती तास मिळतील? सहल बारा तासांची असली म्हणून पाहणें बारा तासांचें होत नाहीं. जळगांवाहून अजिंठा, तेथून वेरूळ, आणि परत जळगांव हा फेरा तीनशें किलोमीटरांच्या घरांत जातो. निदान सहा-सात तास गाडींतच जातात. उरलेल्या वेळांत दोन्हींकडील तिकिटें, चढउतार आणि जेवण उरकावयाचें. मग पाहण्यास काय उरणार? दोन्ही ठिकाणीं गेल्याचें समाधान मिळेल, पण एकही ठिकाण पाहिल्याचें मिळणार नाहीं. उलट, एकट्या अजिंठ्यासाठीं सकाळीं साडेसातच्या सुमारास निघालें तर नऊच्या पुढेंमागें पायथ्याशीं पोंचतां येतें आणि चार-पांच तास निवांत हातीं लागतात. वाराचीही चौकशी आधींच करावी. अजिंठ्याचीं लेणीं सोमवारीं बंद असतात आणि वेरूळचीं मंगळवारीं.

हा विचार आमच्या घरीं गेल्या हिवाळ्यांत फार कसोटीला लागला. माझ्या आत्याबाई पंचाहत्तरीच्या पुढें गेलेल्या. एका डोळ्याची दृष्टि जवळजवळ नाहींशी झालेली, आणि दुसऱ्याचीही मंद होत चाललेली. सारा जन्म धुळ्यास गेला, पण अजिंठा पाहण्याचा योग कधीं आला नाहीं. “आतां राहिलें तर राहिलेंच, पुढच्या वर्षीं पाहावयाला डोळे कुठले?” असें त्या एकदां सहज बोलून गेल्या. मुलांचा आग्रह सामुदायिक सहलीचा पडला. एका खर्चांत दोन्ही स्थळें होतात, आणि जेवणही त्यांतच. मीं व्यवस्थापकांस विचारलें, “अजिंठ्यास थांबणें किती?” उत्तर मिळालें, “दीड तास. मुख्य मुख्य सारें होतें.” बरोबर माणसें किती असें विचारलें, तर चाळीस. दीड तासांत, चाळीस माणसांच्या मागें, अंधाऱ्या लेण्यांत, अर्ध्या डोळ्यानें आत्याबाईंनीं काय पाहिलें असतें? आम्हीं तिसरा मार्ग पत्करला. धुळ्याहून आदल्या दिवशीं जळगांवीं येऊन राहिलों आणि दुसरे दिवशीं पहांटे उठून निघालों.

पायथ्यापासून लेण्यांपर्यंत पायऱ्यांचा चढ आहे. वृद्धांसाठीं तेथें डोलीवाले मिळतात. मात्र दर आधीं ठरवून घ्यावा. वाटाड्याची निवड हें याहून नाजूक काम. एकानें ऐटीनें सांगितलें कीं तासाभरांत तो तिसांच्या तीस लेणीं फिरवून आणील. दुसऱ्यानें आधीं आत्याबाईंकडे पाहिलें आणि विचारलें, “आजींचे गुडघे कसे आहेत? आपल्याजवळ वेळ किती?” त्यालाच आम्हीं बरोबर घेतलें. बहुतेक वाटाडे हिंदी आणि इंग्रजी बोलतात; पण मराठी सांगणारा मागून घ्यावा, कारण जातककथा आपल्या भाषेंत ऐकल्या म्हणजे घरच्या वाटतात.

पहिल्या लेण्यांत शिरल्यावर त्यानें आम्हांस कांहींच दाखविलें नाहीं. “दोन मिनिटें डोळे मिटून उभे राहा,” म्हणाला. बाहेरच्या उन्हानें दिपलेले डोळे अंधारास सरावल्याखेरीज तेथें भिंतच दिसते, चित्र दिसत नाहीं. प्रथम आत्याबाई म्हणाल्या, “मला कांहींच दिसत नाहीं रे.” वाटाड्या घाई न करतां मंद दिवा दुरून धरून उभा राहिला. थोड्या वेळानें त्या हळूंच बोलल्या, “हात दिसला... हातांत फूल आहे.” मग खालीं झुकलेली दृष्टि, मुकुट, आणि त्या मुखावरील करुणा एकेक करून त्यांस दिसूं लागली. तो पद्मपाणि होता. तेथें आम्ही सर्वच कांहीं वेळ न बोलतां उभे होतों.

त्याच लेण्यांत एका स्तंभाच्या माथ्यावर चार हरिणें कोरलेलीं असून चौघांस मिळून मुख एकच आहे. गाभाऱ्यांतील बुद्धमूर्तीवर दिवा एका बाजूनें धरला तर मुख गंभीर भासतें, दुसरीकडून धरला तर स्मित केल्यासारखें. सामान्य वाटाडे या चमत्कारांवर थांबतात आणि मंडळींस हंसवून पुढें नेतात. चांगला वाटाड्या हें दाखवितो, पण एवढ्यावरच थांबत नाहीं. लेण्यांचे क्रमांक वाटेच्या क्रमानें दिले आहेत, काळाच्या क्रमानें नव्हेत, हें तो आधीं सांगतो. सर्वांत जुनीं लेणीं मध्यभागीं आहेत. नववें आणि दहावें हीं चैत्यगृहें इसवी सनापूर्वींचीं. त्यांच्या दोहों बाजूंचीं बहुतेक लेणीं पांचव्या शतकांतील, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळचीं. सोळाव्या लेण्याच्या शिलालेखांत त्याचा मंत्री वराहदेव याचें नांव आहे. अजिंठ्याच्या या लेखांचें वाचन एकोणिसाव्या शतकांत ज्यांनीं केलें त्यांत आपले डॉ. भाऊ दाजी हे एक होते. चोविसावें लेणें अपुरें राहिलें आहे. तें वगळून पुढें जाऊं नये. छतापासून आरंभ करून कारागीर खालीं कसे उतरत गेले, म्हणजे परांचीची गरज कशी पडली नाहीं, हें तेथें एका दृष्टिक्षेपांत कळतें. आणि सव्विसाव्यांतील सुमारें सात मीटर लांबीचा महापरिनिर्वाणाचा बुद्ध पाहिल्यावांचून परतणें म्हणजे पंढरपुरास जाऊन कळसावरून परतणें होय.

सतराव्या लेण्यांत विश्वंतर राजपुत्राची कथा चितारली आहे. दान देतां देतां त्यानें राज्याचा हत्ती दिला, हद्दपारी पत्करली आणि शेवटीं स्वतःचीं मुलेंही देऊन टाकलीं. आत्याबाईंस हें मुळींच रुचलें नाहीं. “दान आपल्या वस्तूचें करावें, पोरें का वस्तु आहेत?” वाटाड्यानें वाद घातला नाहीं. हद्दपारीची वार्ता ऐकून खचलेल्या राणी मद्रीच्या चित्राकडे त्यानें बोट केलें आणि म्हणाला, “आजी, चित्रकारानें हिच्याकडेही पाहिलें आहे.” पुढें मुलें मागून नेणारा जूजक नांवाचा लोभी ब्राह्मण दिसला, त्याची ती विरळ दांतांची, दाढी पुढें आलेली मुद्रा पाहून आत्याबाई मनापासून हंसल्या. “असल्यांची ओळख आम्हांला जुनी आहे,” म्हणाल्या. दीड हजार वर्षांमागील भिंत आणि धुळ्याची एक वृद्ध बाई यांचें असें बोलणें जमविणें हेंच वाटाड्याचें खरें काम!

येथें गर्दीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. हीं चित्रें दगडावर थेट काढलेलीं नाहींत. माती, भाताचें तूस, वनस्पतींचे तंतु यांचा गिलावा देऊन, वर चुन्याचा पातळ हात फिरवून, त्या कोरड्या पृष्ठावर रंग दिले आहेत. दमट श्वास, हाताचा स्पर्श, तीव्र प्रकाश या सर्वांनीं तो गिलावा झिजतो. म्हणून चित्रांच्या लेण्यांत एका वेळीं ठराविकच माणसें सोडतात आणि छायाचित्रासाठीं झगमगता प्रकाश पाडण्यास मनाई आहे. नकला करून ठेवाव्यात, मूळ गेलें तरी नक्कल राहील, असें कोणी म्हणेल. पण नकलांचा इतिहासच पाहा. १८१९ च्या एप्रिलच्या २८ तारखेस जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानें दहाव्या लेण्यांत आपलें नांव कोरलें आणि हीं लेणीं जगापुढें आलीं. १८४४ पासून रॉबर्ट गिल यानें वर्षानुवर्षें येथें राहून मोठमोठ्या नकला केल्या. १८६६ मध्यें लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यांतील बहुतेक जळाल्या. हा गिल १८७९ मध्यें वारला. त्याची कबर आपल्या भुसावळास आहे. पुढें मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांसह १८७२ पासून १८८५ पर्यंत पुन्हा नकला केल्या. त्यांतीलही पुष्कळ १८८५ मध्यें लंडनमधील आगींत गेल्या. नकला दूर देशीं नेऊन जळाल्या आणि झिजलेलें मूळ मात्र वाघूरकांठींच राहिलें. तेव्हां जो मोठा घोळका घेऊन आंत शिरतो त्यापेक्षां जो पांच माणसें शांतपणें नेतो त्याची सहल निवडणें हें चित्रांविषयींचेंही एक कर्तव्य आहे.

आतां कांहीं व्यावहारिक सूचना. ठरलेल्या रकमेंत लेण्यांचें प्रवेशमूल्य, फाट्यावरील बसचें भाडें आणि वाटाड्याचा मोबदला धरला आहे कीं नाहीं हें स्पष्ट विचारावें. कलह बहुधा येथेंच होतात. दशम्या, भरीत आणि जळगांवचीं केळीं घरूनच न्यावीं. मात्र तीं लेण्यांजवळ न काढतां पायथ्याशीं खावीं, कारण वानरें सावध असतात. पावसाळ्यांत सातकुंडाचा धबधबा भरून कोसळतो आणि कडा हिरवागार होतो, पण पायऱ्या निसरड्या होतात. वृद्ध व लहान मुलें बरोबर असल्यास कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. वैशाखांत हा काळा पाषाण इतका तापतो कीं पाहणाऱ्याचें लक्ष चित्रांऐवजीं पाण्याच्या तांब्याकडेच लागतें. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनीं नदीपलीकडच्या टेकाडावर चढून संपूर्ण नाल एकदां नजरेंत सांठवावा. कडा म्हणून जी हौस आपण घरून घेऊन निघालेलों असतों ती तेथें फिटते. धुळेकरांनीं मात्र जाऊन येऊन एकाच दिवसाचा हट्ट धरूं नये. जळगांवास एक रात्र काढल्यानें पैसे थोडे अधिक जातात, पण दुसरा दिवस सबंध हातीं येतो.

वेरूळ कुठें पळून जात नाहीं. त्यासाठीं दुसरा दिवस काढावा. सहलीची किंमत तिनें किती स्थळें दाखविलीं यावरून करण्याची संवय आतां फार वाढत आहे. घरांतील ज्या माणसाचे पाय किंवा डोळे सर्वांत मंद असतील त्यास डोळ्यांपुढें ठेवून सहल निवडावी. त्याला जी सोसवेल आणि उमजेल, तींत बाकीच्यांनाही पुष्कळ दिसतें, असा माझा अनुभव आहे.