तीन वाकड्या पिना

कूलर ओढला आणि त्याला चिकटून प्रोसेसरही वर आला. सोड्याच्या बाटलीचं बूच उडावं तसा आवाज झाला. सॉकेटची दांडी तशीच बंद होती. पाच वर्षांपूर्वी लावलेली थर्मल पेस्ट सुकून डिंकासारखी धरली होती. बँकेचं बाद झालेलं कार्ड कडेने सारून मी प्रोसेसर सोडवायला गेलो, तर तो निसटून फरशीवर पडला. उचलून टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे, जुनाच तर आहे."

मी पुण्यात लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. मशीन 2018 सालचं, बी450 चिपसेटचा मदरबोर्ड आणि त्यावर सहा कोअरचा रायझन 5 2600. फोर-के शूटिंग सुरू झाल्यापासून बिचारा धापा टाकायचा. साखरपुड्यापासून पाठवणीपर्यंतचं एक लग्न एक्स्पोर्ट व्हायला साडेतीन तास, आणि मधल्या वेळात नवरीची आई चार फोन करणार. पण एएमडीच्या एएम4 सॉकेटचं एक सुख आहे. मार्च 2017 मध्ये पहिले रायझन ज्या सॉकेटवर आले, त्याच सॉकेटवर एप्रिल 2022 चा रायझन 7 5700एक्ससुद्धा बसतो. आठ कोअर, आणि कागदावर जुन्याइतकाच, 65 वॉटचा. त्याच्यासोबत कूलर येत नाही. माझ्याकडे जुना होताच. म्हणजे बोर्ड तोच, रॅम तीच, फक्त प्रोसेसर बदलायचा.

बुधवार पेठेतल्या दुकानदाराने डबी पिशवीत घालता घालता विचारलं होतं, "बायोस अपडेट केलंय ना, दादा?" माझी गाडी नो-पार्किंगमध्ये उभी होती. मी "हो, हो" म्हणून निघालो.

नवा प्रोसेसर सोन्याचा त्रिकोण जुळवून अलगद बसवला, कूलर आवळला, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, मॉनिटर मात्र ढिम्म. रॅम काढून घातली, ग्राफिक कार्ड काढून घातलं, बोर्डावरचा सेल काढून पाच मिनिटं थांबलो. पंखे छान फिरत होते.

दुकानदाराला फोन लावला. त्याने माझं पूर्ण ऐकूनसुद्धा घेतलं नाही. "बायोस नाही केलं तुम्ही. जुना लावा, बायोस करा, मग नवा लावा." फोन बंद.

झालं होतं ते असं. बोर्डावर नखाएवढी एक चिप असते, तिच्यात बोर्डाचं फर्मवेअर. आपण सवयीने त्याला बायोस म्हणतो. कोणत्या प्रोसेसरला कसं जागं करायचं, रॅमशी त्याची गाठ कशी घालून द्यायची, हे सगळं तिच्यात लिहिलेलं. माझ्या बोर्डातली पोथी 2018 ची, आणि त्या साली 5700एक्स जन्मालाही आलेला नव्हता. तो चिपमध्ये स्वतःसाठीचा कोड शोधतो, मिळत नाही, आणि तिथेच थांबतो. अशा बऱ्याच बोर्डांवर ही चिप 16 एमबीची. माझ्या कॅमेऱ्यातला वधूचा एक रॉ फोटोसुद्धा त्यापेक्षा मोठा असतो. एवढ्याशा जागेत सगळ्या पिढ्या कोंबायच्या, म्हणून काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांना डच्चू मिळाला. मे 2020 मध्ये तर एएमडीने 400 मालिकेच्या बोर्डांना रायझन 5000 चालणार नाहीत असंच सांगितलं होतं. लोक चिडले, आणि त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. त्या चिडलेल्या लोकांचा मी आयता लाभार्थी.

काही बोर्डांना पाठीमागे एक खास बटण असतं. ते दाबून प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस भरता येतं. माझ्या बोर्डाला ते नव्हतं. घेताना पाच-सातशे रुपये वाचवले होते, ते असे. म्हणजे नव्याला नवं बायोस हवं, नवं बायोस भरायला जुना प्रोसेसर हवा, आणि जुना टेबलावर पडलेला. मी तो उचलून उजेडात तिरका धरला.

एएम4 च्या प्रोसेसरला पोटाखाली 1,331 पिना असतात. तिरक्या उजेडात त्या कवायतीच्या मैदानावर उभ्या असल्यासारख्या दिसतात, आडव्या, उभ्या, तिरक्या, कुठूनही पाहा, सरळ रांगा. एका कोपऱ्यात तीन जणांनी रांग मोडली होती. एक तर शेजारणीच्या अंगावर पूर्ण रेललेली.

सोसायटीच्या खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथला मुलगा दिवसभर चार्जिंगचे सॉकेट बदलतो. त्याने प्रोसेसर मायक्रोस्कोपखाली ठेवला, बराच वेळ नुसता पाहत राहिला. मी चिमटा पुढे केला. "चिमट्याने तुटेल, काका." मग शेजारच्या स्टेशनरीतून पाच रुपयांची पेन-पेन्सिल आणवली, शिसं काढून टाकलं, आणि रिकामं टोक टोपीसारखं पिनेवर चढवलं. एका दमात सरळ करायची नाही. किंचित ढकलायचं, बाहेर काढायचं, बघायचं, पुन्हा किंचित. तिसऱ्या पिनेला दहा मिनिटं लागली. पैसे विचारले तर म्हणाला, "चालू झाला तर चहा पाजा."

जुना प्रोसेसर सॉकेटमध्ये आपल्या वजनाने बसला. अशा वेळी दाबायचं नसतं, हे आता सांगायला नको. मॉनिटर उजळला तेव्हा बोर्डाच्या कंपनीच्या लोगोला हात जोडावेसे वाटले.

पुढची कामं मात्र मुकाट्याने, क्रमाने केली. बोर्डाच्या मॉडेलची अक्षरं बोर्डावर छापलेली असतात ती वाचली. खोक्यावर विश्वास ठेवला नाही. कंपनीच्या यादीत 5700एक्ससमोर लिहिलेली बायोसची आवृत्ती पाहिली. माझी इतकी जुनी की आधी मधली एक भरायची, मग शेवटची. 64 जीबीचा पेनड्राइव्ह बोर्डाला दिसेना, फॅट32 लागतं. एका मुंजीच्या व्हिडिओचा 8 जीबीचा जुना पेनड्राइव्ह पुसून घेतला. वीज जायला नको म्हणून यूपीएस लावला. तो दिवस गुरुवार, म्हणजे आमच्याकडे वीज जाण्याचा वार, नव्हता, नाहीतर मी हात लावलाच नसता.

पुसणे, लिहिणे, तपासणे. तीन पट्ट्या एकामागून एक भरत गेल्या. या दरम्यान वीज गेली तर चिप अर्धवट राहते आणि बोर्ड मेल्यात जमा होतो. मी श्वास रोखून यूपीएसकडे बघत होतो. काहीही झालं नाही. दोन्ही वेळा मिळून दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

या खेपेला कूलर काढण्याआधी मशीन अर्धा तास कामाला जुंपलं, पेस्ट मऊ होऊ दिली. मग बंद करून, स्क्रू सोडून, कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळत सोडवला. प्रोसेसर जागच्या जागी राहिला.

नवा बसवला. पडदा काळाच. पंखे फिरले, थांबले, पुन्हा फिरले. रॅमशी ओळख करून घ्यायला त्याला पहिल्यांदा वेळ लागतो हे माहीत असूनही दुकानदाराचा नंबर काढून ठेवला होता. मग इंग्रजीत एक ताकीद आली, नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरमधली किल्ल्यांची तिजोरी, रीसेट करू का, वाय की एन? माझ्या डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप नव्हतं, म्हणून बिनधास्त वाय दाबलं. ज्यांच्या डिस्कवर असेल त्यांनी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवावी.

रात्री अडकलेलं लग्न एक्स्पोर्टला लावलं. सव्वादोन तास लागले. जरा जास्तच वाटले. पाहिलं, तर बायोस बदलताना सगळ्या सेटिंग मूळपदावर गेल्या होत्या आणि 3200 ची माझी रॅम 2133 वर रेंगाळत होती. रॅमला तिच्या पूर्ण वेगाने पळवणारं एक्सएमपी चालू केलं, आणि चहा सांगायला खाली गेलो.