तुमची गल्ली किती फुटाला?

दोस्तांनो, आईबाबा नवीन घर बघायला निघाले की तुम्ही काय करता? बहुतेक वेळा मागच्या सीटवर बसून कंटाळता! मोठी माणसं हॉल किती बाय किती, किचनचा ओटा कसला, बाल्कनी कुठल्या दिशेला असं काहीबाही बोलत असतात. तुम्ही मात्र गच्चीवर जाऊन येता आणि सांगता, "पतंगाला गच्ची मस्त आहे!"

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. घराचा ओटा बदलता येतो, रंग बदलता येतो, भिंतही पाडता येते. बदलता येत नाही ती गल्ली. म्हणून घर बघण्याआधी गल्ली बघायची. आणि गल्ली बघायला तुमच्याइतके तरबेज डोळे कुणाचेच नसतात, बरं का! कुठल्या कोपऱ्यावर पावसात डबकं साचतं, कुठं सायकल घसरते, कुठल्या वळणावर ट्रक अंगावर येतो, हे मोठ्यांपेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक असतं.

चला तर, आज गल्ली बघायला जाऊ या सांगलीला. सांगलीच का? कारण या गावात गल्लीचा एक खास पत्ता असतो. तो पत्त्याच्या पाटीवर लिहिलेला नसतो. तो असतो फुटांत!

पुलावरची मोजपट्टी

सुरुवात करू आयर्विन पुलापासून. कृष्णा नदीवरचा हा दगडी कमानींचा पूल १९२९ साली वाहतुकीला खुला झाला. अलीकडे सांगली, पलीकडे सांगलीवाडी. इथं नदीची पाणीपातळी मोजतात. ४० फूट झाले की इशारा, ४५ फूट झाले की धोका. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना भेटले की "कसं काय, बरं आहे ना?" च्या आधी विचारतात, "पुलाला किती फूट झालं?"

आणि मग ऐका गंमत. कुणी म्हणतं, "आमच्याकडं पंचेचाळीसला पाणी येतं." कुणी म्हणतं, "आमची गल्ली पन्नासला." कुणी छाती फुगवून म्हणतं, "आमच्याकडं कधीच नाही!" हाच तो फुटांतला पत्ता. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट यांसारख्या नदीकाठच्या सखल वस्त्यांत पुलाला चाळिशीच्या आसपास पाणी पोचलं, की माणसं सामान बांधायला लागतात. बाकीच्या गावात तेव्हा शाळा चालू असतात, भाजी विकली जात असते.

आता मोठ्या पुरांची आकडेवारी बघा. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं. आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा ५४ फुटांच्या पुढं. ५७ मधून ४५ वजा करा. किती आले? १२. म्हणजे धोक्याच्या खुणेवर आणखी बारा फूट पाणी! एका उंच माणसाच्या खांद्यावर दुसरा उंच माणूस उभा केला, की होईल तेवढं. २०१९ ला हरभट रोड, मारुती चौक, शिवाजी मंडई अशा भर बाजारपेठेत होड्या फिरत होत्या. आणि पाणी आलं तसं लगेच गेलं नाही. दिवसच्या दिवस ते घरांत बसून राहिलं.

पाऊस तिकडं, पूर इकडं

तुम्ही म्हणाल, सांगलीत पाऊस फार पडत असेल. छे! महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. सांगलीत पडतो त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा. याच जिल्ह्यातले जत आणि आटपाडी हे तालुके तर दुष्काळासाठी ओळखले जातात.

मग पूर येतो कुठून? कृष्णा निघते महाबळेश्वरहून. कऱ्हाडला तिला कोयना मिळते. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. डोंगरात कोसळलेला सगळा पाऊस या नद्या घेऊन येतात. म्हणून सांगलीत ऊन पडलेलं असतानाही नदी चढत असते! आणि हरिपुराशी वारणा दुथडी भरून आली, की कृष्णेचं पाणी पुढं सरकायला कचरतं आणि मागं तुंबतं. घर घेताना आकाशाकडं बघून भागत नाही. नदीचं माहेर कुठं, हे बघावं लागतं.

पाणी मागच्या दारानं येतं

पुलावरून गावात शिरलं की गणपती मंदिर, गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड अशी जुनी सांगली लागते. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' नाटक केलं ते याच गावात, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं. पुलाकडून पूर्वेकडं चालत राहा आणि जमिनीकडं लक्ष द्या. कुठं हलकासा चढ लागतो, कुठं पुन्हा उतार. वर्तमानपत्राच्या पानावर न दिसणारा हा चढउतारच पुरात घराचं नशीब ठरवतो.

एक फसगत मात्र इथं नेहमी होते. "आमचं घर नदीपासून लांब आहे, आम्हाला काय भीती?" असं लोक म्हणतात. अहो, पण ओढे आणि नाले आहेत की! एरवी गावातलं पाणी नाल्यातून नदीला जातं. नदी फुगली की काय होतं? तेच पाणी नाल्यातून उलटं गावात शिरतं. सांगलीचा शेरीनाला बघा. असे नाले म्हणजे नदीची मागची दारं. नदी काठ ओलांडून समोरून येण्याआधीच ती मागच्या दारानं येऊन बसलेली असते. म्हणून गल्ली बघताना "नदी किती लांब?" एवढंच विचारू नका. "नाला कुठं आहे?" हेही विचारा.

माती काय सांगते?

आता जरा हरिपुराकडं वळू. इथली हळदीची पेवं प्रसिद्ध होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं, तोंडाशी अरुंद आणि आत प्रशस्त असं कोठार. माणूस आत उतरू शकेल एवढं खोल! त्यात हळद भरून तोंड बंद केलं, की ती वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. का? कारण इथली माती तशी घट्ट, कोरडी राहणारी. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी मातीची पारख करूनच ती पेवं खणली. पण २००५ च्या महापुरात त्यातल्या कितीतरी पेवांत पाणी शिरलं. माती उत्तम होती, जागा मात्र संगमाजवळची होती. दोन्ही बघावं लागतं, ते असं!

घरालाही माती लागते. काळी माती ऊस, हळद, सोयाबीन यांना छान. घराला मात्र ती त्रासदायक. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरच्या फरशा नि भिंती तडकतात. शेतात प्लॉट पाडून झालेल्या वस्त्यांत ही अडचण हमखास दिसते. तिथं पाया खोल, कठीण थरापर्यंत न्यावा लागतो. गल्लीतल्या चारपाच कंपाउंडच्या भिंती नुसत्या बघत जा. सगळ्यांनाच तिरक्या भेगा असतील, तर त्या गवंड्याच्या चुकीच्या नसतात. माती बोलत असते!

चढावरची सांगली

पूर्वेला, मिरजेच्या रस्त्यानं चारपाच किलोमीटर गेलं की येतो विश्रामबाग. विलिंग्डन कॉलेज इथं १९१९ पासून आहे, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ पासून. ही जमीन उंच. २०१९ ला जुन्या सांगलीत होड्या चालत होत्या, तेव्हा विश्रामबागेत रस्ते कोरडे होते, आणि पुरातली माणसं आपल्या पाहुण्यांकडं, मित्रांकडं इकडंच आली होती. रुंद रस्ते, झाडं, जवळ शाळा-कॉलेजं. मग प्रश्न मिटला! सगळ्यांनी विश्रामबागेतच घर घ्यावं, नाही का?

थांबा. इतकं सोपं नाही ते. चढावरच्या जमिनीला भावही चढाच. मंडईत पहाटे भाजी उतरवून घेणाऱ्या मावशींना, पेठेत हमाली करणाऱ्या काकांना रोज पाच किलोमीटर जाऊन-येऊन परवडेल का? ज्यांचं दुकान हरभट रोडला, त्यांना घर जवळ हवं. काहींची घरं तर चार पिढ्यांची. सखल गल्लीत राहणारी माणसं वेडी नसतात, दोस्तांनो. त्यांनी पुरापुढं रोजची भाकरी मांडून हिशेब केलेला असतो. त्यांना हसायचं नाही.

मात्र तिथंच राहायचं असेल, तर शहाणपणानं राहता येतं. जोतं उंच घ्यायचं. तळमजल्यावर फक्त गाड्या, राहायचं वरच्या मजल्यावर. विजेचा मीटर उंचावर. महत्त्वाची कागदपत्रं, तुमच्या वह्या-पुस्तकांसकट, वरच्या कपाटात. आणि पुलाला किती फूट झालं की निघायचं, तो आकडा घरातल्या सगळ्यांना पाठ!

निळी रेषा, लाल रेषा

नदीकाठच्या गावांच्या नकाशावर जलसंपदा खातं दोन रेषा काढतं. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो, ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणारा जिथवर पोचतो, ती लाल. निळीच्या आत बांधायला मनाई, निळी आणि लाल यांच्यामध्ये बांधायचं तर अटी पाळून.

"२५ वर्षांतून एकदा ना? आत्ताच येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत!" असं कुणी म्हणालं, तर त्यांना हा खेळ दाखवा. एका डब्यात २५ चिठ्ठ्या टाका. एकीवर लिहा 'पूर', बाकीच्या कोऱ्या. दर वर्षाची एक चिठ्ठी काढायची, बघायची आणि परत डब्यात टाकायची. मागच्या वर्षी पूर निघाला म्हणून यंदा निघणार नाही असं काही आहे का? मुळीच नाही! चिठ्ठीला आठवण नसते. असा खेळ पंचवीस वेळा खेळलात, तर 'पूर' एकदा तरी निघण्याची शक्यता शंभरात सुमारे ६४. सांगलीनं तर २०१९ आणि २०२१ असे दोनच वर्षांच्या अंतरानं मोठे पूर पाहिले.

तुमची तपासणी

आता तुमचं गाव कुठलंही असो, सांगली, नाशिक, चिपळूण नाहीतर नदीच नसलेलं एखादं गाव, पुढच्या वेळी आईबाबांबरोबर जाल तेव्हा वही-पेन्सिल घेऊन जा.

एक, गल्लीत तीनदा जा: सकाळी शाळेच्या वेळी, संध्याकाळी दिवे लागल्यावर आणि भर पावसात. तिन्ही वेळा गल्ली वेगळी दिसते.

दोन, भिंती बघा. जुन्या पुराची रेघ कितीदा रंग देऊनही डोकावते. तीनचार घरांची जोती मुद्दाम उंच असतील, तर कारण विचारा.

तीन, नावं ऐका. खण, तळं, ओढा, मळा असं काही नावात असेल तर चौकशी करा. सांगलीत खणभाग आहे. ते नाव कसं पडलं असेल, तिथल्या एखाद्या आजोबांना विचारून बघा.

चार, नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, ते घर विकणाऱ्याला विचारू नका, शेजारच्या काकूंना विचारा.

पाच, दारातून फायरब्रिगेडचा बंब वळेल का? रुग्णवाहिका येईल का? पावलांनी रस्ता मोजा.

सहा, आईबाबांना आठवण करा: सिटी सर्व्हे ऑफिसातून मालमत्ता पत्रक, महापालिकेतून विकास आराखडा आणि पूररेषेचा नकाशा. जागा गुंठेवारीतली असेल, तर ती नियमित झाली आहे का? (एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. किती चौरस फूट झाले, सांगा बरं!)

आणि सातवं, सगळ्यांत सोपं. गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या ओट्यावर जाऊन बसा. "आजी, इथं पाणी कुठवर आलं होतं?" एवढंच विचारा. आजी हात वर करून भिंतीवरची जागा दाखवतील. कधी गुडघ्याएवढी, कधी तुमच्या डोक्याच्याही वर. ती जागा जमिनीपासून टेपनं मोजा आणि वहीत लिहा.

घराची किंमत किती लाख, ते आईबाबा बघतीलच. गल्ली किती फुटाला, ते तुम्ही बघा!