मामांचे विमान

विमान म्हणजे इंजिनाचे नव्हे. बाल्सा लाकडाच्या काड्या, त्यांवर पातळ कागद, कागदावर डोप. सारे मिळून वजन १५० ग्रॅम. माझ्या मामांनी ते १९८४ साली कॉलेजात असताना बनवले. अशा ग्लायडरला ‘फ्री फ्लाइट’ म्हणतात. दोरीने पतंगासारखे वर चढवायचे. दोरी सुटली की ते आपले आपण उडते, उडवणाऱ्याचा त्यावर काडीचा अधिकार उरत नाही. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत सापडले तर दिसेनासेही होते. यावर उपाय म्हणून शेपटाशी एक जळती वात ठेवतात. वात जळत येऊन रबर तोडते, शेपूट ताडकन वर उचलले जाते आणि विमान संथपणे खाली बसते. वात मध्येच विझली तर मात्र रामराम! मामांची तीन विमाने अशीच गेली. हे चौथे आणि शेवटचे.

त्याच्या पंखावर मामांनी मराठीत आणि कन्नडात पत्ता लिहिला आहे. खाली ‘सापडल्यास परत करावे’ आणि ‘सिक्करे वापस कोडि’. कोणाच्या शेतात उतरेल, काय सांगावे? आमच्या बेळगाव भागात दोन भाषांवरून पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे; या पंखाएवढा सोपा तोडगा मी तरी पाहिला नाही.

मामांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि विमानामागे ढेकळांतून धावणे संपले. हातही थरथरतो, तेव्हा नवे बनवणे नाही. विमान माळ्यावर गेले. मी शिकवणीच्या पैशांतून एक जुना रेडिओ सेट घेतला नि विचारले, ‘‘मामा, यात रेडिओ बसवू?’’

‘‘बसवशील गं. पण शेपूट कापावं लागंल की.’’

तेच तर खरे होते. आमच्या हिशेबशास्त्रात चाळीस वर्षांच्या वस्तूचा घसारा केव्हाच पुरा होतो, पुस्तकी किंमत शून्य उरते. ब्लेड हातात घेतल्यावर हा धडा उपयोगी पडला नाही. दोन दिवस विमान टेबलावर तसेच पडून होते. शेवटी मामांनीच पट्टी धरून पेन्सिलीने रेघ मारली. ती वाकडी आली. मी ती न खोडता तिच्या शेजारून कापले.

पुढचे काम सरळ. रडर आणि एलिव्हेटर हलते केले, बिजागऱ्या चिकटपट्टीच्या. दोन सर्व्हो १८ ग्रॅम, रिसीव्हर ८, चार बारीक सेल ४८, तारा नि काड्या १०. नाकातले २० ग्रॅम शिसे काढले. एकूण २१४. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र ‘नॅनो’ आणि ते उडवायला परवाना लागत नाही, म्हणजे ३६ ग्रॅम शिल्लक!

खरी मेख तोलात आहे. फ्री फ्लाइट विमानाचे शेपूटही थोडा भार उचलते, म्हणून त्याचा गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीत निम्म्याच्याही मागे असतो. असे विमान एका ठरलेल्या वेगाला उत्तम. पण एलिव्हेटर हलवला की बिथरते. म्हणून सेल नाकात सरकवून तोल पुढच्या कडेपासून ४० टक्क्यांवर आणला, दोरीचा हूकही त्याप्रमाणे पुढे घेतला. विमानाने घिरट्या घालाव्यात म्हणून मामांनी मुरडून ठेवलेला रडर सरळ केला. ऐलेरॉनची गरज नाही. पंखांची टोके इतकी वर आहेत की रडर दिला की ते आपसूक कलते.

जानेवारीत, सांबऱ्याच्या विमानतळापासून चांगले दूर, एका कापणी झालेल्या रानात गेलो. रिमोट मामांच्या गळ्यात, दोरी माझ्या हातात. मी धावले, दोरी सुटली, विमान बाभळींच्या दिशेने निघाले. मामांची बोटे स्थिर.

‘‘मामा, रडर द्या की!’’

‘‘थांब गं. उडू दे जरा.’’

बाभळ अगदी जवळ आल्यावर त्यांचा अंगठा किंचित सरकला आणि विमान वळले. आमच्यापासून वीस पावलांवर उतरले. आणायला मी निघाले तर मला थांबवून ते स्वतः काठी टेकत गेले.

कागद जीर्ण झाला आहे, पावसाळ्याआधी पंख नव्याने मढवायचे आहेत. आता पत्ता कशाला, असे मी म्हटले.

‘‘आणि सेल संपला तर?’’ मामा म्हणाले.

कन्नड ओळ या खेपेस मी लिहिणार आहे. मामांच्या कन्नड अक्षराला वळण नाही.