वडिलांचे एकवचन

इंग्रजी व्याकरणातील वर्तमानकाळाचा धडा दिसावयास अगदी लहान आहे. कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असला म्हणजे क्रियापदास 'स' जोडावा, एरवी बहुधा मूळ रूप तसेच ठेवावे. एवढाच काय तो नियम. तथापि माझ्या आजवरच्या अध्यापनात जितकी तांबडी शाई या एका 'स'पायी खर्ची पडली, तितकी दुसऱ्या कशापायीही पडली नसेल.

वास्तविक मराठी मुलास हे ओझे वाटू नये. मुलगा जातो, मुलगी जाते, तू जातोस, ते जातात, अशी लिंग, वचन, पुरुष ही तिन्ही सांभाळीत तो लहानपणापासून बोलत आला आहे. परंतु ती रूपे त्याने घरी ऐकून उचलली. इंग्रजी 'स' त्यास प्रथम फळ्यावरच भेटतो. त्यातून 'बॉइज' या नामात जो 'स' अनेकवचन दाखवितो, तोच 'रन्स' या क्रियापदात एकवचन दाखवितो. मुले गोंधळली तर नवल काय?

भोकरदन तालुक्यातील धावड्याच्या एका मुलाच्या वहीत मात्र निराळाच प्रकार आढळला. घरच्या मंडळींविषयी लिहिताना आईच्या वाक्यात 'गोज' बिनचूक, धाकट्या भावाच्या वाक्यात 'प्लेज' बिनचूक. आणि वडिलांची पाळी आली की 'माय फादर गो टू द फील्ड'! एकदा नव्हे, तीनदा. मी कारण विचारले. मान खाली घालून तो म्हणाला, "गुरुजी, वडिलांना एकवचन कसं लावू?"

त्याने शब्दांबरोबर घरची रीतही भाषांतरित केली होती. आपण 'आई येते' म्हणतो, पण 'वडील येतात' म्हणतो. (आईचे एकवचन जिव्हाळ्याचे, असे आपण सांगतो, तिला कोणी विचारले आहे काय?)

मग मी त्यास सांगितले, की इंग्रजांतही अशी रीत होती. एकास 'दाऊ', पुष्कळांस 'यू'. पुढे थोरांस मान म्हणून एकट्यासही 'यू' म्हणू लागले, आणि होता होता ते सर्वांसच लागले. म्हणून आज लहान पोरासही 'यू आर' असे मुळातले अनेकवचनी क्रियापद मिळते. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात 'दाऊ' जागोजाग आहे. तेथे 'ही गोज' नाही, 'ही गोएथ' आहे. हल्लीचा 'स' इंग्लंडच्या उत्तरेकडील बोलींतून पसरला. तेव्हा वडिलांशी बोलताना 'यू आर' हा मान त्यांस आपोआप मिळतो. त्यांच्याविषयी बोलताना मात्र 'ही गोज'. राजाविषयीसुद्धा 'द किंग गोज' असेच म्हणतात.

राजाचे नाव निघताच त्याचा चेहरा खुलला. प्रश्नात व नकारात हा 'स' मूळ क्रियापद सोडून 'डू'कडे जातो व 'डज' होतो, हे दुसऱ्या दिवसावर टाकले.

त्याने तिन्ही वाक्ये सुधारली. 'फादर'चे आद्याक्षर मात्र तिन्ही ठिकाणी मोठ्या लिपीत काढले होते. तेथे ते नियमाने नको होते. मी त्यावर खूण केली नाही.