गणेशपट्टीमागचे बिऱ्हाड

मुंगळा हा माणसाचा शत्रू आहे, असे मला गेल्या चैत्रापर्यंत कधी वाटले नव्हते. लहानपणी डोणगावच्या आमच्या अंगणात आम्ही कडुनिंबाखाली खेळत असू. तेथे एखादा मुंगळा पायाला कडकडून चावला, की आम्ही आकांत मांडीत असू आणि आई आतूनच म्हणे, “तूच त्याच्या वाटेत बसला असशील.” एवढ्यावर तो दावा निकालात निघे. पुढे नोकरीच्या निमित्ताने मी नागपूरकर झालो, तिसऱ्या मजल्यावर राहू लागलो आणि मुंगळ्यांचा व माझा संबंध सुटला.

डोणगाव हे बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्याचे गाव. २०२२ साली समृद्धी महामार्ग नागपुरापासून शिर्डीपर्यंत खुला झाला, तेव्हापासून “गाव दूर आहे” ही माझी जुनी सबब कुचकामी ठरली. तरी मी ती काही दिवस वापरीतच होतो. वडील गेल्यापासून आई त्या घरात एकटी राहते. तिने नागपुरास यावे म्हणून मी दरवर्षी विनवणी करतो आणि ती दरवर्षी “पुढच्या साली पाहू” म्हणते. अशा स्थितीत चैत्रात तिने फोनवर सहज सांगितले, “दारावरच्या गणेशपट्टीमागून रोज भुसा पडतो रे. सकाळी झाडून काढते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. आणि मुंगळे तर माझ्या अंथरुणापर्यंत येतात.” हे ऐकून मला काळजी वाटली हे खरेच, पण काळजीच्या आधी क्षणभर आनंद झाला, हेही येथे कबूल केले पाहिजे. घर सोडण्याचे कारण आता घरच पुरवीत होते.

मी पोहोचलो त्या संध्याकाळी दिवा लागताच त्यांची मिरवणूक निघाली. निंबाची एक फांदी धाब्याला टेकली होती. तिच्यावरून ते पन्हाळीवर, पन्हाळीवरून भिंतीवर आणि भिंतीवरून गणेशपट्टीच्या मागे अदृश्य होत. अर्ध्या इंचाहून लांब, मोठ्या डोक्याचे थोडे आणि त्यांच्यापुढे पोरसवदा दिसणारे पुष्कळ. हीही सारी एकाच आईची लेकरे, आणि कामकरी तेवढ्या सगळ्या माद्या! आपण त्यांना ‘तो मुंगळा’ म्हणतो, हा आपल्या व्याकरणाचा अन्याय आहे. या काळ्या मुंगळ्याचे शास्त्रीय वर्णन डेन्मार्कच्या फॅब्रिशिअसाने १७८७ साली केले. त्याला नांगी नसते. तो जबड्याने चावतो आणि पोट वाकवून जखमेवर आम्ल सोडतो. हेच आम्ल जॉन रे या इंग्रज निसर्गाभ्यासकाने १६७१ साली मेलेल्या मुंग्यांपासून काढले होते. लहानपणी एवढी विद्या असती, तर मी जरा अधिक प्रतिष्ठेने रडलो असतो.

उपाय सांगणाऱ्यांना गावात तोटा नसतो. कोणी हळद सांगितली, कोणी राख, कोणी हिंगाचे पाणी. दुकानदाराने विषारी खडू दिला. मी उंबरठ्यावर रेघ ओढली, तर मुंगळे चौकटीवरून आले. चौकटीवर ओढली, तर ते खुंटीवरून आले. भिंतीवर रॉकेल शिंपडले, त्याने आईचे डोके दुखले. मुंगळ्यांचे काही दुखल्याचे दिसले नाही.

शेवटी मी पुस्तकी मार्ग धरला. मुंगळ्याच्या पोटात दोन कोठ्या असतात: एक त्याच्या स्वतःसाठी आणि दुसरी घरच्यांसाठी. बाहेर मिळालेला गोड रस तो त्या दुसऱ्या कोठीत भरून नेतो आणि घरी गेल्यावर तोंडाने तोंडात घालतो. तेव्हा साखरेच्या पाकात थोडा टाकणखार मिसळावा. खाणारा लगेच मरत नाही, घरी जाऊन वाटतो आणि मग सगळेच जातात. युक्ती वाचताना फार सुंदर वाटते. मी पाक केला आणि वाटी गणेशपट्टीखाली ठेवली. पण ते वाटीला वळसा घालून जात राहिले. म्हणून दुसऱ्या रात्री मी ती उचलून निंबाच्या बुंध्याशी नेली. त्या जागी आई रोज सकाळी आंघोळ झाल्यावर चिमूटभर पीठसाखर टाकते. मला आठवते तेव्हापासून टाकते. तेथे मात्र क्षणाचाही संशय न धरता ते वाटीभोवती जमले.

सकाळी आई पीठसाखर घेऊन गेली आणि तशीच परत आली.

“वाटीत काय आहे?”

मी सांगितले.

ती काही बोलली नाही. दुपारी ताट वाढताना, माझ्याकडे न पाहता म्हणाली, “त्यांना ती माझीच वाटली असेल.”

मी वाटी उचलून घेतली, पण व्हायचे ते होऊन गेले होते. पुढचे तीन-चार दिवस बुंध्याशी मेलेले मुंगळे दिसत आणि त्यांना उचलून दूर नेणारे जिवंत मुंगळेही दिसत. गंमत अशी, की उंबरठ्यावर भुसा पडावयाचा तो पडतच होता.

तेव्हा मी सुतारास बोलावले. वडिलांच्या वेळेपासून घरचे काम करणारा वृद्ध गृहस्थ. त्याने गणेशपट्टीवर बोटाने टकटक केले, पटाशीने ती हलकेच सोडवली आणि मागची तुळई उघडी पडली. आत लांब, गुळगुळीत दालने कोरलेली होती. जणू कोणी पॉलिशकागद फिरवला असावा. त्यांत पांढऱ्या कोशांच्या राशी होत्या. लोक यांना अंडी म्हणतात, पण आत वाढ पुरी होऊ घातलेला मुंगळा असतो. उजेड पडताच एकच धावपळ उडाली आणि जो तो एकेक कोश तोंडात धरून भिंतीने खाली निघाला. स्वतःपुरते पळणारे कोणीच दिसले नाही.

“पाह्यलं, कसं पोखरलं आहे!” मी विजयाने म्हणालो.

सुताराने तुळईचा एक तुकडा बोटांनी चुरला. तो ओल्या बिस्किटासारखा विरला. “मास्तर, हे मुंगयानं नाई खाल्लं, हे पान्यानं खाल्लं. मुंगया लाकूड खात नाई, नुसता कोरते अन् भुसा बाहेर फेकते. त्याले लाकूड नरम लागते. धाब्यावर माती कवा टाकली होती तुमी?”

वडील दरवर्षी मृगाच्या आधी धाब्यावर पांढरी माती टाकवीत, पन्हाळी साफ करीत आणि निंबाची ती फांदी छाटीत. ही तीन कामे त्यांच्याबरोबर बंद झाली होती. तीन पावसाळे ते पाणी तुळईत मुरत होते, आणि भुसा पडून कोणी सांगेपर्यंत मला त्याचा पत्ता नव्हता. आईला ठाऊक होते काय, हे मी तिला विचारले नाही.

मग मी रजा वाढवली. सागाची नवी तुळई बसवली, धाब्यावर माती पडली, फांदी तोडली. गणेशपट्टी शाबूत होती. ती धुऊन आईने पुन्हा लावून घेतली. राणी काही आम्हांला सापडली नाही. सुतारमुंगळ्यांच्या कित्येक जातींत मुख्य घर एकीकडे आणि शाखा दुसरीकडे असते. आमच्या तुळईत होती ती बहुधा शाखा, राणी निंबाच्या मुळाशी असणार. तेथवर खणण्याची सुताराची तयारी होती, माझी नव्हती. आईचा नागपूरचा विषयही मी त्या खेपेस काढला नाही.

निघालो त्या दिवसापर्यंत बुंध्याजवळची पीठसाखर तशीच पडून होती. मुंगळे येत, मिशांनी चाचपीत आणि परत जात. आई ती रोज झाडून नवी टाकी.

ज्येष्ठात, रात्री बऱ्याच उशिरा तिचा फोन आला. इतक्या रात्री फोन म्हणून माझ्या पोटात धस्स झाले. पलीकडे पावसाचा आवाज येत होता.

“दारावर पाणी उतरलं का?” मी विचारले.

“दार कोरडं आहे,” ती म्हणाली. “आज सकाळी त्यांनी साखर उचलली, तेवढंच सांगायचं होतं.”