झरपटीच्या काठचे देव

चंद्रपूर वसले ते एका राजाच्या तहानेमुळे, असे इथली दंतकथा सांगते. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगभर गळवे होती. औषधपाणी करून वैद्य थकले होते. शिकारीच्या नादात राजा झरपट नदीच्या कोरड्या पात्रात पोचला, खडकातल्या खळग्यात थोडे पाणी दिसले, ते प्याला आणि तोंड, हातपाय धुऊन परतला. त्या रात्री तो कधी नव्हे इतका गाढ झोपला. सकाळी राणी पाहते तो अंगावरची गळवे गेलेली. दोघे पुन्हा नदीवर आले, गवत-वाळू बाजूला केली, तेव्हा खडकात गाईच्या खुरांसारखे पाच खळगे दिसले आणि पाणी काही केल्या आटेना. तिथे अंचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. पुढे याच माळावर एक ससा राजाच्या कुत्र्याच्या पाठी लागला. ससा कुत्र्याचा पाठलाग करतो ती जमीन साधी नव्हे, असे राणीने ताडले आणि सशाच्या पावलांमागून कोटाची आखणी झाली. मेजर लूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1869 च्या जमाबंदी अहवालात या कथा नोंदवून ठेवल्या. सारा किती बसवायचा या हिशेबाच्या कागदांत सशाची गोष्ट सापडते, याचे मला फार अप्रूप वाटते.

ही जुनी देवळे पायी पाहायची असतील तर अंचलेश्वर दरवाजापासून सुरुवात करावी. जुन्या चंद्रपूरच्या, म्हणजे चांद्याच्या, परकोटाला चार दरवाजे आहेत: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. शिवाय पाच खिडक्या, त्यांतल्या एकीचे नाव चोर खिडकी आणि एकीचे मसाण खिडकी. दरवाजांवर गोंड राजांचे चिन्ह कोरलेले आहे, हत्तीवर मात करणारा सिंह. खाली रिक्षा, दुचाकी, भाजीच्या गाड्या यांची रेटारेटी चालू असते आणि वर तो सिंह आपला हत्ती सोडायला तयार नसतो. मध्यंतरी परकोटावर इतकी झाडेझुडपे माजली होती की भिंत कुठे आहे हे शोधावे लागे. 'इको-प्रो' या संस्थेच्या तरुणांनी 2017 पासून रोज पहाटे फावडी-घमेली घेऊन ती साफ करायला घेतली. आज बुरुजांवरून चालता येते ते त्यांच्या घामामुळे.

अंचलेश्वराच्या देवळाचा बाहेरचा भाग सावकाश पाहण्यासारखा आहे. भिंतींवर दगडी पट्ट्यांत देव, प्राणी आणि पुराणातले प्रसंग खोदले आहेत. कारागिरी ठसठशीत आहे. नाजूकपणा नाही, पण एकेका आकृतीत जीव आहे. मी गेले तेव्हा एक आजोबा एकेका पट्टीला हात लावून नमस्कार करत पुढे सरकत होते, देव असो की हत्ती असो. शेजारीच गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली सर्वांत भव्य समाधी बीरशहाची. ती त्याच्या राणीने, हिराईने बांधली.

या राणीपाशी थोडे थांबायला हवे, कारण आज आपण चंद्रपुरात जे पाहतो त्यातले बरेचसे तिचे आहे. बीरशहाला मुलगा नव्हता. वारसासाठी तो दुसऱ्या लग्नाला उभा राहिला आणि त्या लग्नाच्या धामधुमीतच हिरामण नावाच्या त्याच्याच माणसाने त्याचा खून केला. हिराईने नात्यातला एक मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव रामशहा. तो लहान असेपर्यंत कारभार तिनेच पाहिला. मुलासाठी सवत आणायला निघालेल्या नवऱ्याची समाधी तिने अशी घुमटदार, उंच, चहूकडून दिसेल अशी का बांधली असेल? तिथे उभे राहिले की हा प्रश्न मनातून जात नाही. लोक लगेच ताजमहालाची उपमा देतात. मला ती अपुरी वाटते. ताजमहाल बांधणाऱ्या बादशहापाशी राज्य आयते होते. हिराईला एका हाताने राज्य सांभाळत दुसऱ्या हाताने दगड उचलवून घ्यायचे होते.

महाकालीचे आजचे देऊळही तिनेच बांधले असे मानतात. देवीचे मूळ ठाणे त्याहून जुने, खांडक्या बल्लाळशहाच्या काळापर्यंत नेले जाते. देऊळ परकोटाच्या बाहेर, झरपटीच्या अंगाला आहे. बीरशहाची एक कथा इथे सांगतात. देवगडच्या दुर्गपालाला त्याने मुलगी दिली होती. जावयाने तिचा अपमान केला. राजाने महाकालीपुढे शपथ घेतली की त्याचे मुंडके तुझ्या पायाशी आणून ठेवीन, आणि लढाईत ती खरी केली. देवळावर दगडात कोरलेले मुंडके देवगडच्या दिशेला तोंड करून बसवले होते, असेही सांगतात. लेकीच्या मानासाठी युद्ध पेटल्याची ही कथा बायका जितक्या ठसक्यात सांगतात तितक्या ठसक्यात मी ती पुरुषांकडून ऐकली नाही.

आत देवीची दोन रूपे आहेत. एक वर उभे, लाल-पिवळ्या वस्त्रांतले. दुसरे खाली भुयारात, आडवे. वाकून, अंग चोरून खाली उतरावे लागते. पुढच्या बाईच्या पदराला धरून मागची बाई उतरते. दगड हातांनी घासून गुळगुळीत झालेला. उदबत्ती, कुंकू, नारळाचे पाणी आणि माणसांचा घाम यांचा वास एकजीव झालेला असतो, आणि मान खाली घालायला कुणी सांगावे लागत नाही.

मंगळवारी इथे शहरातली गर्दी असते. पण महाकाली खरी कुणाची हे पाहायचे तर चैत्रात यावे. चैत्र शुद्ध षष्ठीपासून पौर्णिमेपर्यंत यात्रा भरते आणि नांदेड, परभणी, हिंगोली, लातूरकडून, तेलंगणातून लोक लोटतात. रेल्वे, एसटी, टेम्पो, जीप, मिळेल त्या गाडीने. मैदानात राहुट्या पडतात. हलगी वाजते, पोतराज येतात, कवड्यांच्या माळा घातलेल्या बाया घुमतात. चंद्रपूरचे ऊन तोवर चांगलेच तापलेले असते. तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापणाऱ्या एका म्हातारीशेजारी मी टेकले. "इतक्या लांब दरसाल येता?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "म्हायेर हाय बाई हे आमचं. माईला भेटल्याबिगर वरीस कसं सुरू व्हईल?" आणि हातातली भाकरी अर्धी करून माझ्या पुढ्यात ठेवली.

देवीला भेटण्याआधी भाविक झरपटीत अंघोळ करतात. जिच्या ओंजळभर पाण्याने राजा बरा झाला ती हीच नदी. आज तिच्यात शहराचे सांडपाणी उतरते आणि जलपर्णीने पात्र हिरवेगार झाकून जाते. यात्रा जवळ आली की साफसफाई होते, पाण्याची वेगळी सोय होते आणि पौर्णिमा उलटली की नदी पुन्हा तशीच. नदीवर श्रद्धा ठेवून शेकडो किलोमीटरवरून आलेल्या माणसांना आपण हे पाणी देतो, याची मला चंद्रपूरकरांच्या वतीने शरम वाटते. देवळाच्या सुशोभीकरणाच्या चर्चा खूप होतात. या देवस्थानाचे मूळ पाण्यात आहे, तेव्हा खर्चाची सुरुवातही पाण्यापासून व्हायला हवी.

महाकालीहून पुढे भिवापूर वॉर्डाकडे निघाले की आजूबाजूला कोळसा खाणींची वस्ती लागते. एका कॉलरीचे नावच महाकाली. तिथे घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत अपूर्ण देवालय आहे. देवालय म्हणावे तर भिंत नाही, छत नाही, गाभारा नाही. उघड्यावर अखंड पाषाणाच्या अजस्र मूर्ती आहेत: शिवलिंग, गणपती, मासा, कासव आणि दहा तोंडांची दुर्गा. ही दुर्गा आडवी पडलेली आहे, लांबी 25 फुटांच्या आसपास. दहा तोंडांमुळे पूर्वी लोक तिला रावण समजत. धुंड्या रामशहा या आधीच्या गोंड राजाच्या काळात रायप्पा नावाच्या कोमटी सावकाराने मोठे शिवमंदिर बांधायचे मनात घेतले, मूर्ती घडवून घेतल्या आणि देऊळ उभे राहण्याआधीच तो वारला, अशी हकीकत आहे. मूर्ती पडून राहिल्या. पुरातत्त्व खात्याच्या लेखी हे संरक्षित स्मारक आहे. शेजारपाजारच्या बायांच्या लेखी ही जागृत देवी आहे. मूर्तीच्या पायांशी कुंकू होते आणि नारळाच्या ओल्या करवंट्या होत्या. प्राणप्रतिष्ठेचे मंत्र या दगडांवर कधी म्हटले गेले नाहीत. लोकांनी त्यांची वाट पाहिली नाही.

इथवर पाहिलेली बहुतेक देवळे गोंड राजांची, पण देव मात्र त्यांच्या घरचे नाहीत. शंकर, महाकाली, दुर्गा. गोंडांचा थोरला देव पर्सापेन, बडादेव. त्याचे ठाणे ऐनाच्या झाडाखाली असते. लोखंडी भाल्याचे पाते, घंटा, चवर ही त्याची चिन्हे. ती झाडावर जपून ठेवतात आणि पूजेच्या दिवशी खाली उतरवतात. पूजा भुमक करतो. अनोळखी गोंड माणसे भेटली की कुळ विचारताना किती देवांचे ते विचारतात: चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे. देवांची संख्या एक असेल तर ती भाऊबंदकी, तिथे सोयरीक होत नाही. असा देव मानणाऱ्या राजांनी दुसऱ्यांच्या देवांसाठी दगड वाहून आणले, समाध्यांना मुसलमानी धाटणीचे घुमट चढवले आणि आपला देव झाडाखालीच ठेवला. या राजांची कीर्ती थेट अकबराच्या दरबारापर्यंत गेली होती. 'आईन-इ-अकबरी'त चांद्याच्या राजाचे सैन्य नोंदले आहे, वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीही नोंदल्या आहेत. एवढ्या ऐपतीच्या घराण्याने स्वतःच्या देवासाठी शिखर बांधले नाही, ते त्याला शिखर लागत नव्हते म्हणून.

1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी शेवटचा राजा नीलकंठशहा याच्याकडून राज्य घेतले, मग इंग्रज आले. राजांचा किल्ला तुरुंग झाला. 1858 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबरला याच तुरुंगात फाशी दिली. तिथल्या पिंपळापाशी दरवर्षी त्या तारखेला गोंड समाजाची माणसे गोळा होतात, पिवळे झेंडे लागतात. तुरुंगाच्या आवारातले एक झाड, आणि तेही ठाणेच झाले.

असे झाडाखालचे दैवत पाहायचे तर ताडोब्याच्या तळ्याकाठी जावे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, त्याचे ठाणे तळ्याच्या काठी मोठ्या झाडाखाली आहे, आणि त्याच्यावरूनच जंगलाला नाव मिळाले. पूर्वी पौषात इथे आदिवासींची मोठी यात्रा भरे. 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, 1995 मध्ये व्याघ्र प्रकल्प. आता जिप्सी गाड्या वाघाच्या मागावर त्या ठाण्याजवळून जातात. वाघ जगायला हवा, यात दुमत नाही. पण ज्यांनी वाघाशी झुंजलेल्या माणसाचा देव केला, त्यांना त्या देवाकडे जायला परवानगी मागावी लागते हे विसरू नये. गडचिरोलीत एटापल्लीकडे सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे. जानेवारीत तिथे माडिया गोंडांची यात्रा भरते. त्या डोंगराच्या पोटात लोहखनिज आहे आणि आता त्याचे उत्खनन चालू आहे. देव डोंगरावर नाही, डोंगरच देव आहे, असे मानणाऱ्यांना डोंगराचा मोबदला कशात मोजून देणार?

शेवटी मार्कंडा. मूलवरून हरणघाटाच्या बाजूने वैनगंगा ओलांडली की चामोर्शी तालुका लागतो. मार्कंड्यापाशी वैनगंगा उत्तरवाहिनी होते, म्हणून हे क्षेत्र. महाशिवरात्रीला सारा मुलूख इथे लोटतो. साधारण हजार वर्षांपूर्वीचा हा देवळांचा समूह अलेक्झांडर कनिंगहॅमने 1873-74 च्या दौऱ्यात पाहिला आणि खजुराहोच्या तोडीचा मानला. मार्कंडेश्वराच्या भिंतीवर मूर्तींच्या रांगांवर रांगा आहेत. डोळा एका जागी ठरत नाही. दुपारच्या तिरप्या उन्हात एकेका आकृतीची बोटेसुद्धा मोजता येतात.

या देवळावर एकदा वीज पडली, शिखराचा वरचा भाग कोसळला आणि त्याच्या भाराने मंडपाचे छत फुटले. पुढे दुरुस्ती झाली ती गोंड धाटणीने: पडलेल्या दगडांतूनच जाडजूड खांब उभे केले, चांद्याच्या दरवाजांना शोभतील अशा भरभक्कम कमानी घातल्या. नक्षीकामाच्या गर्दीत हे खांब उघडेबोडके दिसतात, जाणकार त्यांना ओबडधोबड म्हणतात. मला मात्र त्या मंडपात सर्वांत जास्त वेळ त्यांच्यापाशीच थांबावेसे वाटले. मूळ शिल्पकारांची बरोबरी करण्याचा प्रयत्न त्या गवंड्यांनी केलेला नाही. छत पडायचे थांबावे, आणि खाली पूजेला आलेल्या माणसांच्या डोक्यावर दगड येऊ नये, एवढेच त्यांनी पाहिले. ते खांब आज भार पेलत उभे आहेत, आणि शिवरात्रीला त्यांच्यामधून वाट काढतच लोक पिंडीपाशी पोचतात.